ग्लासवरचा कोस्टर

डीटरने घड्याळ पाहिलं, खुर्ची मागे सरकवली आणि विचारलं, "निघूया का?"

गुरुग्राममधल्या त्या पबच्या गच्चीवर येऊन आम्हाला जेमतेम वीस मिनिटं झाली होती. त्याची पहिलीच बिअर संपली होती.

डीटर आमचा जर्मन क्लायंट, कोलोनचा. त्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर बिघडलं की माझी टीम दुरुस्त करते. याला सपोर्ट म्हणतात. या सपोर्टचं रिन्यूअल, म्हणजे करार पुढे चालू राहणं, डीटरच्या रिपोर्टवर अवलंबून होतं. ते हुकलं तर माझी बारा माणसं बेंचवर. बेंच म्हणजे प्रोजेक्टविना ऑफिसात नुसतं बसायचं आणि एचआरच्या फोनची वाट बघायची.

दिवसभर मीटिंगमध्ये तो मोजकंच बोलला होता. "संध्याकाळी बिअर घेताना बोलू," हे त्यानेच सुचवलं. मी पीत नाही, पण सोबत बसायला माझी ना नव्हती. माझे बॉस मल्होत्रा सर येणार होते, ते गुरुग्रामच्या बॉर्डरवर ट्रॅफिक जाममध्ये अडकले. मी बाजूला जाऊन फोन लावला.

"सर, वो तो जा रहा है."

"अरे, क्या बोल दिया आपने? बिठा के रखो यार, किसी भी तरह!"

मी टेबलाशी परतले. "डीटर, आणखी एक बिअर घ्या ना."

"नको. तुम्हाला उशीर होत असेल."

मला कसला उशीर? दुपारपासूनची सगळी वाक्यं मी आठवून पाहिली. काही सापडेना. शेवटी धीर करून विचारलं, "माझं काही चुकलं का?"

त्याने माझ्या लाइम सोड्याकडे बोट दाखवलं. त्यावर मी कोस्टर, तो ग्लासाखाली ठेवायचा पुठ्ठा, झाकणासारखा ठेवला होता. समोर टॉवरचं बांधकाम, गच्चीवर धूळ. पाणी उघडं ठेवलं की आई रागवायची, त्यामुळे हात आपसूक गेला होता.

"आमच्याकडे वेटर न विचारता भरलेले ग्लास आणत राहतो," डीटर म्हणाला. "पुरे झालं की आपण वर कोस्टर ठेवायचा. तुम्ही तर आल्या आल्याच ठेवलात."

मी धुळीचं सांगितलं. तो खो खो हसला आणि परत बसला. मला हसू येत नव्हतं.

दुसऱ्या बिअरला तो मुद्द्यावर आला. "तुमची टीम कशालाच नाही म्हणत नाही. तारीख उलटली की मग आम्हाला कळतं. हेड ऑफिस दुसरी कंपनी शोधतंय. उद्या खरी तारीख सांगा."

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी मीटिंगमध्ये त्याने विचारलं, "नवं व्हर्जन महिनाअखेर मिळेल?" सरांनी "बिल्कुल" म्हणायला तोंड उघडलं, इतक्यात मी म्हणाले, "नाही. तीन आठवडे जास्त लागतील." सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की आधी मीच बेंचवर जाणार, याची मला खात्री पटली. डीटरने तारीख लिहून घेतली.

पंधरा दिवसांनी रिन्यूअलचा मेल आला. एका वर्षाचं, बाराही माणसांसकट.

क्लायंटला काय हवंय याचे अंदाज बांधण्यात माझी सतरा वर्षं गेली. विचारायला एक मिनिट लागतं. सर मात्र सगळ्या ऑफिसला सांगत होते, "मैंने ही मॅडम को बोला था, साफ़ मना कर दो."