हिरवा गोळा

चौथीपर्यंतच शिकले, म्हणून शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे. माफ करावं.

यवतमाळच्या ज्या गेम झोनमध्ये मी फरशी पुसते, तिथं बॉलिंगचे गोळे दुरुस्त करायला एक मिस्तरी येतो. गोळा मांडीवर घेऊन तो आधी विचारतो, "काय बाप्पा, कुठं दुखते?"

हिरवा गोळा नेहमी डावीकडे वळून पिना चुकवायचा. गोळा घरंगळतो ती लाकडी पट्टी मी नीट पुसत नाही, असं म्हणून शेठनं माझे पाचशे रुपये कापले.

मिस्तरीनं तो गोळा माझ्या मोठ्या बादलीत सोडला. वजनाला हलका, म्हणून तरंगला. कसाही फिरवला तरी त्याची एकच बाजू खाली जायची. मग तेवढाच हलका लाल गोळा सोडला, तो मात्र ठेवला तसाच राहिला.

"शेठ, याची बोटं घालायची जुनी भोकं बुजवून तुम्ही लेथवर दुसरीकडं पाडली. वजन एका अंगाले गेलं, म्हणून तो तिकडं वळते. बाईचे पैसे कायले कापता?"

"तू तुझं काम कर."

"तेच करून राह्यलो. पैसे देसान तवाच गोळा निघन."

दोन्ही हलके गोळे बादलीत, तिकडं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. शेठ बादलीकडे आला. मी बादलीची कडी घट्ट धरली.

"सरक."

"नाही सरकत," मी म्हणाले.

पाचशेच्या पाचशे हातात पडले, तेव्हाच कडी सोडली.