तीन बोटं खाली

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने तीन दिवस लिफ्टचं नाव काढायचं नाही, अशी अट त्याच्या बायकोने घातली आणि स्वतःच खोली घेतली ती सहा मजली हॉटेलात, पाचव्या मजल्यावर. खिडकीतून बाग दिसते एवढंच तिने पाहिलं होतं. लिफ्ट तिच्या ध्यानीमनीही नव्हती.

ऑफिसात त्याला पाठीमागे बंदमास्तर म्हणत. चोवीस वर्षांत याने चालू केल्या त्याहून जास्त लिफ्ट बंद केल्या, अशी सोबत्यांची चेष्टा, आणि तो ती मिरवायचासुद्धा. मागच्या महिन्यात मात्र ही सवय अंगाशी आली. एका मोठ्या दवाखान्याची लिफ्ट त्याने ब्रेकच्या संशयावरून दोन दिवस बंद ठेवली. पेशंटना जिन्यावरून उचलून न्यावं लागलं, दवाखान्याने ऑफिस डोक्यावर घेतलं. वरून इंजिनिअर आला, त्याने रिकामी लिफ्ट चार वेळा वरखाली फिरवली आणि काही दोष नाही म्हणून मोकळा झाला. भरलेली लिफ्टच खाली येताना घसरते, हे बंदमास्तर सांगत राहिला, पण ऐकतो कोण? साहेबाने कागद पुढे सरकवला. यापुढे ऑफिसच्या परवानगीशिवाय एकही लिफ्ट बंद करणार नाही, असं लिहून द्यायचं. सोमवारी सही, नाहीतर नोकरी संपली.

बायकोचं म्हणणं सरळ होतं. मुलीचं कॉलेज अजून दोन वर्षं बाकी आहे, सही करा आणि विषय संपवा. त्याआधी शहरात तीन दिवस खाऊ, फिरू, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल. त्यालाही ते पटलं होतं. सहीची लाज वाटत होतीच, पण त्याला आतून खात होतं ते वेगळंच. आपलंच चुकलं असेल तर?

शुक्रवारी संध्याकाळी जेवायला निघाले तेव्हा लिफ्टमध्ये आठ माणसं होती. तळमजल्यावर दार उघडलं आणि पायरी चढावी तसा पाय उचलून बाहेर यावं लागलं. लिफ्टचा डबा फरशीच्या बोटभर खाली थांबला होता. बंदमास्तर बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्या बुटाला नाडी नव्हती, हे बायकोने पाहिलं. नंतर जेवताना समोर गरमागरम सूप आलं, ते त्याने निवेपर्यंत ढवळलं.

शनिवार कामांचा. चष्म्याची काडी बसवून घेतली, मिक्सरच्या भांड्याचं झाकण तीन दुकानं पालथी घालून मिळवलं आणि सोमवारसाठी फिक्या निळ्या रंगाचा शर्ट घेतला. माणूस सही करताना नीटनेटका दिसला पाहिजे, असं बायको म्हणाली. शर्ट अंगाला लावून तो आरशासमोर उभा राहिला तेव्हा त्याला स्वतःचीच कीव आली. दुपारी जादूचे प्रयोग पाहिले. जादूगाराने पेटीतली बाई गायब केली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि हा पुटपुटला की खालच्या मोटरला तेल हवंय. बायकोने चिमटा काढला. परत आले तेव्हा लिफ्टमधून एक मोठा घोळका उतरत होता. डबा दोन बोटं खाली होता.

त्याने बायकोला जिन्याने चालायला लावलं. दुसऱ्या मजल्यावर तिने कठडा धरला आणि पाचव्यावर पोचेपर्यंत तिचा पारा चढला होता. उद्या ही लिफ्ट बंद पाडाल, परवा नोकरी जाईल, असं ती म्हणाली.  रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी जाऊन मॅनेजरला हळूच सांगितलं, तर त्याने तक्रारवहीत लिहा म्हणून बोट दाखवलं आणि फोन घेतला.

रविवारी दुपारी बॅग घेऊन ते खोलीबाहेर पडले. वरच्या मजल्यावर कुणा आजीबाईंच्या वाढदिवसाचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. लिफ्ट वरून आली, दार उघडलं. आत आजी, लेकी, जावई, नातवंडं, अकरा माणसं दाटीवाटीने उभी. एक जावई हसत म्हणाला की या, अजून दोघं मावतील.

बंदमास्तरने खाली पाहिलं. डबा तीन बोटं खाली होता. पाय जागचा हलेना आणि तोंड उघडेना. डोळ्यांपुढे तो कागद होता. बायकोने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग उंबऱ्याकडे पाहिलं. काय वाटलं कोण जाणे, तिने बॅग दारात आडवी टाकली आणि तिच्यावर बसकण मारली. अर्धी आत, अर्धी बाहेर.

"सगळे बाहेर या," ती म्हणाली. "आमचे हे लिफ्टचंच काम करतात."

कुठे बसू नये, नेमकी तिथेच बसली होती ती; डबा घसरला असता तर चिरडली असती.  बंदमास्तरने तिला दंडाला धरून बॅगेसकट ओढून बाजूला केलं, आणि मग मात्र त्याचा आवाज फुटला. आजींना पहिलं बाहेर काढलं, मग मुलांना, एकेकाला हाताला धरून, उंबऱ्यावर कुणालाही थांबू न देता. मध्येच डबा अर्धं बोट आणखी खाली सरकला. इतर कुणाला कळलं नाही. शेवटचा जावई बाहेर आला तसा त्याने आत हात घालून लिफ्ट बंद करायचं लाल बटण दाबलं.

मॅनेजर धावत आला, तो भांडायच्याच तयारीने. परवानगी कुणाची घेतली, हे त्याने तीनदा विचारलं. तासाभराने हॉटेलचा मेकॅनिक आला, वर जाऊन काळे हात घेऊन उतरला. ब्रेकचं लायनिंग झिजलंय, म्हणाला, बदलल्याशिवाय लिफ्ट चालू होणार नाही. अजून महिनाभर चालली असती कदाचित, आणि कदाचित आजचा दिवसही नाही.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसली होती. शर्टाची पिशवी बायकोच्या मांडीवर होती.

"त्या दवाखान्यात किती बोटं होती?" तिने विचारलं.

महिनाभरात हे त्याला कुणीही विचारलं नव्हतं. साहेबाने नाही, इंजिनिअरने नाही, हिनेसुद्धा नाही. 

"एकच," तो म्हणाला. "पण आदल्या आठवड्यात तेही नव्हतं."

तिने पिशवीतून शर्ट काढला, कॉलरच्या टाचण्या एकेक करून काढून पर्समध्ये टाकल्या.

"मग सही करू नका," ती म्हणाली. "शर्ट मात्र हाच घालून जा."