गिटारसाठी फिरवलेलं भजन

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. वेल्ह्याकडच्या माझ्या सासुरवाडीला सगळं भजनी मंडळ देवाकडे पाठ करून बसतं, ते माझ्या गिटारमुळे. त्यात शास्त्रबिस्त्र काही नाही.

मी भोरला कचेरीत कारकून. चाळिशी उलटल्यावर इलेक्ट्रिक गिटार घेतली. शेजाऱ्यांनी ती फार दिवस सोसली नाही. सासरे, म्हणजे आमचे मामा, गावच्या भजनात पखवाज वाजवतात. ते म्हणाले, आमच्यात बसा. जावई बसणार म्हणून देवळात नवी सतरंजी आली.

गिटारच्या तारांखाली पिकअप असतात, म्हणजे तार थरथरली की ते टिपून स्पीकरकडे धाडणारे चुंबक. माझ्या गिटारला तीन आहेत. मानेजवळचा काकवीसारखा गोड, मधला मधलाच, आणि शेवटचा हिरव्या मिरचीसारखा. एवढ्या टाळांतून आपण ऐकू यावं म्हणून मी बटण मिरचीवर ठेवलं, वर स्क्रू फिरवून तो पिकअप तारांच्या अगदी नाकाशी नेला. पण पिकअपला तारेइतकाच विजेचाही वास लागतो, आणि गावाची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, देवळाच्या मागेच. वायर जोडली तसा स्पीकरमधून असा घूंऽऽ निघाला, की पुजारी गाभाऱ्यात गांधीलमाश्या शोधायला लागले.

मी गिटार धरून हळूहळू गोल फिरलो. देवाकडे बरोब्बर पाठ झाली आणि घूं थांबला. सगळे माझ्याकडे बघत होते. विजेच्या वाद्याला देवाचं तेज समोरून सोसत नाही, असं माझ्या तोंडून गेलं. कुठून सुचलं ते देव जाणे. त्याला तर तेव्हा माझी पाठच दिसत होती.

मामांनी पखवाज उचलला. "एकट्या जावयानं पाठ केली तर गाव नावं ठिवंल. समदी फिरा."

समदी फिरली. माझा मान राहिला, आणि देवाला पखवाजाऐवजी पाठी दिसायला लागल्या.

पुढे काही आठवड्यांत घरी खटपट करताना कळलं, की बटण शेवटच्या आणि मधल्या पिकअपच्या मध्ये ठेवलं तर दोघांचा घूं एकमेकांना गिळतो. मग कुठंही तोंड करा. देवळात लवकर जाऊन, देवाकडे तोंड करून वाजवून पाहिलं. खरंच शांत. पण मिरचीही गेली, आवाज दहीभातासारखा झाला. टाळांत मी बुडालो असतो. कुणी पाहिलं नाही ना ते बघितलं आणि बटण परत मिरचीवर नेलं.

मामांनी मग कापूरहोळच्या गॅरेजातून मोटरसायकलचा आरसा आणला आणि समोरच्या खांबाला बांधला, वाजवताना मागचा देव दिसावा म्हणून. त्यांचं बघून टाळकऱ्यांनीही आणले. आता आमचा सभामंडप गाड्यांच्या स्टँडसारखा दिसतो. बायका दर्शनाला येतात आणि जाताना पदर नीट करून जातात. किकवीच्या एका पाहुण्यानं विचारलं, ही प्रथा कधीपासूनची? आमचे भजनीबुवा म्हणाले, पूर्वापार. मी मान खाली घालून स्क्रू पिळत राहिलो.

परवाच्या एकादशीला मामा धोतराच्या सोग्यानं आरसा पुसत होते.

"जावईबापू, ह्यात द्येव दिसतो, पन डावरा दिसतो. पयल्यावानी माझ्याकडं बगत न्हाई."

आरसा जरा तिरका करू, मी म्हणालो. आणि केलाही. मामांनी मला आशीर्वाद दिला.

गिटारचं एक बटण सरकवायचं, आणि सगळ्यांसमोर खरं सांगून म्हणायचं, मामा, देवाकडे तोंड करून बसा. एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.