आईची पात

भुताखेतांच्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. पुरावा दाखवा, मग बोला, असा माझा खाक्या. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... तरी लिहिते.

आमचं घोटावड्याला भातशेत आहे. कॅन्सरमुळे आईची एक किडनी काढून काही वर्षं झाली होती. ऐन आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या तोंडावर स्कॅनमध्ये कळलं, की तो दुसऱ्या बाजूच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत पसरलाय. किडनीच्या डोक्यावर बसलेली एवढीशी ग्रंथी ती. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून काढू. पण गाठ फार चिकटलेली असली तर पोट उघडावं लागेल — आणि ते आईला झेपेल का, याची खात्री कुणालाच नव्हती.

आईचं भलतंच. "आवणी झाली की येते की. रोपं म्हातारी व्हत्यात."

शेवटी सुमनकाकीनं दम दिला, "तू गप जा. इर्जिक घालतो आमी." म्हणजे गावातल्या बायका येऊन बिनमजुरीनं लावणी करून देणार.

बांधाकडची पहिली पात कायम आईची. ऑपरेशनच्या दिवशी काकीनं तेवढा पट्टा मोकळाच ठेवला. तिच्या जागी उभं राहायची कुणाची टाप नव्हती. सगळ्या जेवून परत आल्या, तर पात लावून झालेली. प्रत्येकीला वाटलं, दुसरीनं लावली. मग काकी वाकून बघायला लागली. आई डावरी आहे, तिची रोपं उलट्या अंगाला कलतात. ही सगळी तशीच होती.

काकीनं फोटो पाठवला तेव्हा मी थिएटरबाहेर एकटीच बसले होते. अंगावर काटा आला... आणि खरं सांगू? ऊर भरून आला. काय सरळ ओळ होती ती.

थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले. गाठ चिकटलेली होती, तरी बारीक भोकांतूनच अख्खी निघाली. "चिवट आहेत हं तुमच्या आई," म्हणाले. मी म्हटलं, आहेच.

दुसऱ्या दिवशी आईला फोटो दाखवला. तिनं तो निरखून बघितला.

"कडंला दाट पडलंय जरा. घाई व्हती मला."

"कसली घाई?"

"तू भाईर एकटीच बसली व्हतीस न्हवं."

एवढं बोलून ती झोपली. परवाचा स्कॅनही स्वच्छ आलाय. काकीला, बाकीच्या बायकांना, सगळ्यांना खोदून खोदून विचारून झालं; ती पात कुणीच लावली नव्हती. आईला विचारलं तर म्हणते, मी कवा बोलले असं? आता मी पुरावा शोधत नाही. ती माझी आई आहे, हे मात्र भेटेल त्याला सांगत सुटते.