पोरीची पाठवणी

घनसावंगी तालुक्यात आमचं गाव. गावच्या देवळाचं संस्थान, त्याच्या बागेत पिंजरे होते. ससे, मोर, हरणं असायची म्हणे. मी लग्न होऊन आले तोवर ते सगळं संपलेलं, एकटं एक अस्वल उरलेलं. मादी होती. खेळ करणारा कुणी एक माणूस तिला बागेच्या फाटकाला बांधून निघून गेल्ता, अन् संस्थानानं ठेवून घेतली.

गाव तिला पोरगी म्हणायचं. जीव लावायचं, खोटं कशाला बोलू! येता-जाता कुणी भाकर टाकायचं, कुणी गुळाचा खडा. पण लेकरू दचकतं म्हणून ताईतात घालायला गजांतून तिचा केस उपटणारेही हेच लोक. माझं डोकं फिरायचं. मी समोरच्या शाळेत शिकवते. वर्गाच्या खिडकीतून ती दिवसभर दिसायची. एकाच वाटेनं गोल गोल फिरायची, फरशी झिजली होती तिथं. एक डोळा पांढरा पडलेला, नाकावरची जखम कधी भरायचीच नाही.

तिला चांगल्या जागी न्यावं म्हणून मी जालन्याला वनखात्यात किती खेटे घातले असतील, देवाला ठाऊक. शेवटी अस्वलांच्या एका केंद्रानं हो म्हटलं. लांब होतं ते, पण तिथं झाडं होती, डबकं होतं, उकरायला माती होती. तिथले डॉक्टर येऊन तिला बघून गेले. जाताना म्हणाले, "मॅडम, हा उन्हाळा ही या पिंजऱ्यात काढणार नाही." तेव्हा होळी तोंडावर आली होती.

डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती. केंद्राची गाडी येईल त्याच्या आदल्या संध्याकाळपासून तिला काही खायला द्यायचं नाही. मी संस्थानात सांगितलं, घरी सासूबाईंना सांगितलं. तर संस्थानाच्या सेक्रेटरीनं काय करावं? गाडी यायच्या दिवशी सकाळी देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं, आपली पोरगी आज चालली, सगळ्यांनी भेटून घ्या! मी पहाटेच गाडी आणायला जालन्याला गेलेली. दुपारी गाडीबरोबर बागेत जाऊन बघते तर गजाला खण बांधलेला, पुढं नारळ, गहू. गावातल्या बायांनी तिची ओटी भरली होती. पुरणपोळ्या खाऊन पोरगी आडवी पसरून घोरत होती. अन् सगळ्यांच्या पुढं कोण? आमच्या सासूबाई!

"आत्याबाई, तुमाला सांगितलं व्हतं की न्हाई?" मी भर बागेत ओरडले.

"सांगितलं व्हतं की. पण लेक घर सोडून चाल्ली, अन् उपाशी धाडावं? कोण्या घरची रीत हाय ही?"

मी कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टर म्हणाले, भरल्या पोटी भूल दिली तर उलटी होऊन श्वासात अडकेल, जागच्या जागी जाईल. गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकत नव्हती. रिकामी आली तशी रिकामी परत गेली. पुन्हा कधी, ते त्यांनाही सांगता येईना.

मंग ऊन तापायला लागलं. पोरगी फिरायची थांबली. कोपऱ्यात पडून पंजा चोखत नुसती गुणगुणायची. मी रोज केंद्रात फोन करायचे, त्या माणसांना माझा वीट आला असेल. आत्याबाई माझ्याशी बोलत नव्हत्या, मीही बोलत नव्हते. चुलीपुढं दोघी दोन दिशांना तोंड करून बसायचो. मला वाटायचं, पोरगी मेली तर मी या गावाचं तोंड बघणार नाही.

गाडी पुन्हा येणार कळलं तेव्हा मी रजा टाकली, अन् संध्याकाळपासून काठी घेऊन पिंजऱ्यापुढं बसले. जो आला त्याला हाकललं. सेक्रेटरीला तर असं झापलं की तो फाटकातूनच परत गेला. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तशी ती गजांशी आली. नाक बाहेर काढून माझा हात हुंगला, पदर हुंगला. मी रोज काही ना काही देणारी, अन् आज हात रिकामा. ती ओरडायला लागली. लहान लेकरासारखं केकाटणं ते, कान बंद केले तरी ऐकू यायचं. मी पाणी तेवढं पुढं सरकवलं. तिनं ते तोंडानं उलथवून टाकलं.

गाडी आली. मागोमाग गावही गोळा झालं. गाडीतला पिंजरा पोरीच्या दाराला लावला, आत वासापुरता मध लावला. ती दारापर्यंत आली, हुंगलं, मागं सरली. पुन्हा आली, पुन्हा सरली. ती एवढी थकलेली होती की भूल देणं डॉक्टरांना धोक्याचं वाटत होतं. ते माझ्याकडं वळले. "मॅडम, तुम्ही पलीकडून हाक मारा. हातात भाकर दाखवा. पण देऊ नका."

मी वळले तर आत्याबाई फाटकाशी उभ्या. पदराखाली गूळ-भाकर. सकाळपासून तिथंच होत्या म्हणे, माझ्या भ्यानं पुढं आल्या नव्हत्या. त्यांनी भाकर माझ्या हातात दिली. मी गाडीच्या पिंजऱ्यापलीकडं गेले, गजाशी भाकर धरली अन् म्हटलं, "ये गं पोरी. ये माझ्याकडं."

मधाला न आलेली पोरगी माझ्या हाकेला आली. सरळ आली, मान खाली घालून, भाकरीपर्यंत. मागं दार धाडकन पडलं. मी हात मागं घेतला.

ती वळलीसुद्धा नाही. गजातून नाक काढून भाकर शोधत राहिली.

"आता देऊ का?" मी विचारलं.

"प्रवासात नको, हेलकाव्यानं उलटी होईल," डॉक्टर म्हणाले.

गाडी सुरू झाली तेव्हा आत्याबाईंनी माझा दंड धरला. "बाई, तिला वाटंल, आपुन उपाशी ठिवून फसवलं."

"वाटू द्या," मी म्हणाले. "जगंल तरी." अन् ती भाकर छातीशी धरून मी तिथंच मातीत बसले, अन् सगळ्या गावादेखत हंबरडा फोडला.