काकीची करणी आणि रक्ताचा रिपोर्ट

माझं डोकं पहिल्यापासून तापट. पूर्ण्यातल्या आमच्या शेतांवर गोदामं उभी राहत होती, तेव्हा हद्दीवरून मी दोघांची डोकी फोडली होती. त्याचं मला काही वाटत नाही. काकीला मारलं, त्याची लाज मात्र मरेपर्यंत जायची नाही.

आमच्या घरातले पुरुष आतड्याच्या कॅन्सरनं जात होते. आधी काका गेला, मग बाप, आणि मग माझ्या थोरल्या भावाला निघाला. भगत म्हणाला, तुमची काकी लग्न होऊन आली तेव्हापासून हे लागलंय, करणी तिचीच. झालं! विधवा काकीला मी केसांना धरून ओट्यावरून खाली ओढलं, लाथा घातल्या. "चेटकिणी, माझ्या भावाला खातेस काय!" तिचा तरणा मुलगा मध्ये पडला, तर बांबूनं त्याची पाठ फोडली. रक्तबंबाळ मायलेक अकलोलीला तिच्या माहेरी निघून गेले. गावात कुणी हूं की चूं केलं नाही.

भाऊ वर्षभर झिजला. शेवटी मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त जीनच्या तपासणीला पाठवलं. रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या, "हा दोष तुमच्या वडिलांच्या घराण्यातून आलाय. वडील आणि काका, दोघांच्याही मुलांचं रक्त तपासून घ्या."

"आणि काकी?"

"त्या तर बाहेरून आलेल्या. त्यांचा काय संबंध?"

त्याच आठवड्यात भाऊ गेला. तेरावं उरकून मी अकलोली गाठली.

मला बघताच काकीनं मुसळ उचललं. पहिला तडाखा खांद्यावर बसला, दुसरा बरगडीत. "मार, जीव जाईस्तोवर मार," मी म्हटलं, "पण तुझ्या पोराचं रक्त तपासू दे."

आम्ही दोघा चुलतभावांनी एकाच दिवशी रक्त दिलं. माझ्यात दोष नव्हता. त्याच्यात होता. दुर्बिणीनं आतड्यात पाहिलं, तर गाठ केव्हाच पसरलेली. वर्षभर आधी कळलं असतं तर लहान असतानाच काढता आली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वर्षभर आधी मी त्याला बांबूनं हाकललं होतं. दवाखान्याच्या जिन्यात मी काकीचा हात धरला आणि त्या हातानं स्वतःच्या थोबाडात मारून घेऊ लागलो. तिनं हात सोडवून घेतला.

"मारून काय होतंय रं? मला मारलंस, तवा तुझा भाव वाचला?"