संकल्पापासून विसर्जनापर्यंत

निवृत्तीनंतरही मी एका संस्कृत महाविद्यालयात पौरोहित्याचा वर्ग घेतो. अलीकडे तेथील विद्यार्थ्यांना सहा आठवडे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी पाठवावे लागते, आणि प्रत्येकाच्या फॉर्मवर ‘अध्ययन-उद्दिष्टे’ नावाचा रकाना असतो. माझ्या एका विद्यार्थिनीचा रकाना मी भरला होता. त्याविषयी लिहिणे मी बराच काळ टाळले.

ती तिशी ओलांडलेली होती. वडील आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले, घर महाराजपुरात. मुलींच्या एका निवासी वेदपाठशाळेला कर्मकांड शिकवणारी स्त्री हवी होती आणि त्यांनी हिला निवडून ठेवले होते. अट एकच : इंटर्नशिपचे प्रमाणपत्र सत्र संपण्यापूर्वी हाती हवे. त्या नोकरीवर तिचे घर अवलंबून होते असे नाही. तिचे स्वतःचे असे काही मात्र त्या एका जागेवरच अवलंबून होते.

मी प्रथम लिहिले होते की विद्यार्थिनीला और्ध्वदेहिक म्हणजे मरणोत्तर कर्माचे मर्म समजेल आणि मृताविषयी तिच्या ठायी श्रद्धा दृढ होईल. इंटर्नशिप विभागाचे तरुण प्राध्यापक, माझ्या नातवाच्या वयाचे, ते वाचून नम्रपणे हसले.

“गुरुजी, श्रद्धा मोजायची कशी? थर्मामीटर लावून?”

“मग काय लिहू?”

“ती काय करून दाखवेल ते लिहा. किती वेळा, कोणाच्या मदतीनं, कुठून कुठवर. चलो, असं समजा की तुम्ही तिथं नाहीच आहात, कोणी तिसराच माणूस टिक करून राहिला.”

घरी येऊन मी त्या एका वाक्यावर तीन दिवस घालवले. कबूल करतो की त्यात मला गोडी वाटू लागली होती. एकही अक्षर अधिक नको, एकही उणे नको. सूत्र रचण्याची ती जुनी सवय. ज्या शिस्तीत मी वाढलो तिच्यात पाठ मध्येच तुटला की पुन्हा आरंभापासून म्हणावा लागे; तुटलेला पाठ झाला असे कोणी मानीत नसे. तीच शिस्त मी फॉर्मवर उतरवली : ‘विद्यार्थिनी दहाव्या दिवसाचा विधी पाच वेळा संकल्पापासून विसर्जनापर्यंत अखंडपणे व कोणाच्याही साहाय्याविना करील.’ प्राध्यापक म्हणाले, “अब आया ना मजा, गुरुजी. हे इतरांनाही नमुना म्हणून देतो.” उद्दिष्टे पोर्टलवर चढली. एकदा चढली की त्यांत बदल होत नाही.

तिला नर्मदेच्या तिलवारा घाटावरील एका वृद्ध पुरोहितांकडे ठेवले. त्यांनी पहिल्याच दिवशी मला ऐकवले, “महाराज, दीदी को देखकर यजमान उल्टे पाँव लौटेंगे.” काही लौटलेही. तरी पाचवा आठवडा संपेपर्यंत तिचे चार विधी पूर्ण झाले होते. पुरोहितांनी तिच्या वहीत शेरा लिहिला की उच्चार शुद्ध आहे आणि हात स्थिर आहे.

पाचवा विधी एका पित्याने आपल्या मुलासाठी करावयाचा होता. मुलगा कॉलेजात शिकणारा. मित्रांबरोबर भेडाघाटला गेला असता खडकावरून पाय घसरून बुडाला. संकल्प झाला, पिंड मांडले. प्रेताचे नाव आणि गोत्र उच्चारण्याची वेळ आली तेव्हा पित्याने गोत्र सांगितले आणि नावापाशी तो थांबला. तिने पुन्हा नाव घ्यायला सांगितले. तो उठला आणि ओल्या धोतरानिशी पाण्याकडे चालू लागला. हिने दर्भ खाली ठेवला, त्याच्या मागे धावली, गुडघाभर पाण्यात त्याचा दंड धरला आणि त्याला पायरीवर आणून बसवले. पाऊण तास ती त्याच्याजवळ बसून होती. त्याने तिचा हात सोडला नाही, म्हणून उरलेला विधी वृद्ध पुरोहितांनी उरकला.

त्या संध्याकाळी तिने वही माझ्यासमोर ठेवली. लिहिले होते : ‘पाचवा विधी खंडित. यजमानांसाठी मी थांबले. पुढचे घाटावरच्या पुरोहितांनी केले.’

“पुरोहित काय म्हणाले?”

“ते म्हणे, लिख दो पूरा हुआ, नर्मदा मैया गवाही देने थोड़ी आएँगी.” ती थोडी हसली. “मी नाही लिहिलं. तुमच्या हाताखाली शिकून मी खोटं काहून लिहू?”

सहा आठवडे संपायला अजून चार दिवस होते. त्या चार दिवसांत दहाव्यासाठी दोन कुटुंबे आली, आणि दोघांनीही पुरुष पुरोहित मागितला.

मूल्यमापनाचा कागद माझ्यापुढे आला. प्राध्यापक दारात उभे राहून म्हणाले, “गुरुजी, टिक करून टाका. कोण पाहून राहिलं?” मी विचारले की वहीत ती स्वतः ‘खंडित’ लिहिते आणि मी ‘अखंड’ मान्य करतो, हे कसे? ते म्हणाले, “निकष तर तुम्हीच लिहिला.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी ‘साध्य नाही’ या चौकटीत खूण केली आणि त्याखाली सही केली.

शास्त्र माझ्याइतके कठोर नाही, हे मला त्या क्षणी माहीत होते. कर्मात विघ्न आले, यजमान मूर्च्छित झाला, अग्नी विझला, तर काय करावे, याची प्रायश्चित्ते ऋषींनी सांगून ठेवली आहेत. कर्म करणारी माणसेच आहेत, हे त्यांनी गृहीत धरले होते. माझ्या वाक्यात तेवढी जागा मी ठेवली नाही, आणि ती नसल्याचा मला अभिमान वाटला होता. ते वाक्य बदलू द्यावे असा मी विभागात दोनदा अर्ज केला. उत्तर एकच मिळाले : पुढील सत्रात सहाही आठवडे पुन्हा करता येतील.

प्रमाणपत्र वेळेत मिळाले नाही, म्हणून पाठशाळेने दुसऱ्या बाईंना घेतले. मी महाराजपुरात तिच्या घरी गेलो तेव्हा तिने चहा दिला, पायांना हात लावला. पुन्हा जाशील का, असे विचारल्यावर म्हणाली, “नाही गुरुजी. आता तिथं बसले की आधी मोजून राहीन. समोरचा रडला तर मला धडकी भरेल की माझा विधी तुटते.” तिची आई आतून म्हणाली, “औषधाच्या दुकानात लागली ती. बिलं बनवते. ठीक आहे.”

पुढल्या वर्षी वर्षश्राद्धासाठी त्या बुडालेल्या मुलाचे वडील महाविद्यालयात आले. त्यांना तीच बाई हवी होती. आता ती हे काम करीत नाही, असे मी सांगितले.

“शादी हो गई क्या?” त्यांनी विचारले.

मी नाही म्हणालो. कारण विचारतील म्हणून थांबलो. त्यांनी विचारले नाही. तिला नमस्कार सांगा, एवढेच म्हणून ते दुसरा पुरोहित शोधायला गेले. तो निरोप मी अजून पोहोचवलेला नाही.